मुंग्यांचा वारसा

"आमच्या घराण्यात साखर नाय!"

हे वाक्य काशीराम छातीवर हात ठेवून म्हणायचा. छाती आणि पोट यांच्यातली हद्द अलीकडे बरीच पुसट झाली होती, त्यामुळे हात नेमका कशावर पडायचा हे सांगणं कठीण. पण आवाजात दम होता.

पनवेलच्या कडेला, पळस्प्याच्या अलीकडे त्याचं गाव. गाव म्हणजे आता नावालाच. शेतं गेली, मिठागरं गेली, इमारती आल्या, आणि विमानतळ येणार येणार म्हणून जमिनीचे भाव रोज सकाळी उठून जोर-बैठका काढू लागले. काशीरामने वेळेवर थोडी जमीन विकली, दुमजली बंगला बांधला, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले, आणि साठी उलटल्यावर उरलेलं आयुष्य मिशी आणि मोठेपणा यांच्या देखभालीला वाहून घेतलं.

घराण्यात साखर नाही, याला त्याच्याकडे सज्जड पुरावा होता. त्याचे वडील, महादेवबाबा. बाबांनी सगळी हयात मिठागरात काढली. "मिठात वाढलेला माणूस! त्याला साखर व्हईल कशी?" यावर भल्याभल्यांना उत्तर सुचत नसे.

बाबा गेले ते पायात काटा मोडून. काटा साधाच होता, पण जखम भरेना. मग पाऊल काळं पडलं, मग पाय गेला, मग बाबा गेले. त्याआधी मात्र घरात एक नवल घडलं होतं. घरामागच्या दगडी मोरीत बाबा लघवीला जाऊन आले, की थोड्याच वेळात तिथे मुंग्यांची रांग लागायची. अशी शिस्तीची रांग रेशनच्या दुकानावरही कोणी पाहिली नव्हती! शेजारच्या भीमाबाईने गालावर बोट ठेवून निर्वाळा दिला, "मुंग्या लागल्या म्हंजे लक्ष्मी येतंय रं काशा! पुण्यवान हाय तुझा बापूस!"

आणि खरंच, बाबांचं वर्षश्राद्ध होतंय न होतंय तोच जमिनीला गिऱ्हाईक आलं.

मग काय विचारता! बंगला बांधताना गवंड्याने सहज विचारलं, "मागची मोरी पाडायची ना, काका?" काशीरामने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गवंडी पुढे काही दिवस कामावरच आला नाही. बंगल्यात चकचकीत फरशीचे संडास झाले, पण मागे पत्र्याच्या आडोशाची बाबांची मोरी जशीच्या तशी राहिली. दरवर्षी बाबांच्या तिथीला काशीरामची बायको वेणू फोटोपुढे वाडगाभर शिरा ठेवायची आणि मोरीत चिमूटभर साखर. त्या घरात देवाच्या खालोखाल मान मोरीला होता.

अशा माणसाला कोणी सांगावं, की पनवेलला आरोग्य शिबिर आहे, चल?

सांगितलं मुबारकने. मुबारक त्याचा शाळेपासूनचा दोस्त. निम्मं आयुष्य कुवेतला काढून परत आला होता आणि पनवेलच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवत होता. "साठीच्या वरच्या मर्दांसाठी खास तपासणी आहे रे. साखर, हार्मोन, सगळं बघतात. चल, खाली हात थोडीच परत यायचंय! केळं पण देतात."

काशीराम गेला. तपासून घ्यायला नव्हे, जिंकायला.

चार-पाच दिवसांनी निकाल ऐकायला दोघं गेले, तेव्हा समोर एक पंचविशी-तिशीची डॉक्टरीणबाई बसली होती. तिने कागदावरून नजर उचलली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुमची साखर बरीच वाढलेली आहे. आणि पुरुषी हार्मोन कमी आहे."

"कुणाचं?"

"तुमचं."

काशीरामने मिशीवरून हात फिरवला. मिशी जागेवर होती. "बाई, पुन्हा एकदा बघा. नळ्यांची अदलाबदल झाली असंल. आमच्यासंगं हा मुबारक पण आला व्हता..."

"ए! मला मध्ये नको घेऊ," मुबारक केळं सोलता सोलता म्हणाला.

बाईंनी समजावून सांगितलं. वय चढतं, पोट सुटतं, तसं हे हार्मोन उतरत जातं. ज्या वयस्क पुरुषांत ते उतरलेलं असतं, त्यांच्यात साखरेचा आजार जास्त दिसतो. कोण कोणाला ओढून आणतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण दोघं बऱ्याचदा हातात हात घालून येतात. "आणि तिसरी गोष्ट म्हणजे अनुवंश. वडिलांना मधुमेह होता का?"

"छे! ते मिठागरात व्हते!"

बाईंनी हा मुद्दा क्षणभर मनातल्या मनात फिरवून पाहिला आणि सोडून दिला. "गेले कशाने?"

"काटा लागून."

"जखम भरली नाही?"

"नाय."

"सारखी तहान? सारखं लघवीला जाणं? लघवीला मुंग्या लागायच्या का?"

काशीरामचा चेहरा उजळला. "लागायच्या तर! रांगच्या रांग! तुमाला कसं समजलं? बाबांची कीर्ती पनवेलपर्यंत आली वाटतं!"

बाईंनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. मग त्यांनी मुंग्यांविषयी जे सांगितलं, ते ऐकताना काशीरामचा हात मिशीवरून कधी खाली आला, त्याला कळलं नाही. साखर लघवीत उतरली, की मुंग्या येतात. लक्ष्मी-बिक्ष्मी काही नसते. आणि पायाची जखम का भरली नाही, तेही त्याच ओळीत आलं.

"हे रक्तातून पुढे येतं, काका. येतंच असं नाही, पण येऊ शकतं. तुमच्या मुलालाही तपासून घ्यायला सांगा."

म्हणजे सातबारा! काशीरामला जमिनीच्या भाषेत लगेच समजलं. बापाच्या नावावरचं आपल्या नावावर चढलं, उद्या प्रणितच्या नावावर चढणार. तलाठ्याकडे खेटे नाहीत, सही नाही, अंगठा नाही. आपसूक वारसनोंद!

बाईंनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, चालायला सांगितलं. पोट उतरलं तर दुसरी गोष्टही थोडीफार सुधारेल, असा धीरही दिला. पण काशीरामच्या डोक्यात ती दुसरी गोष्टच मिठागरातल्या उन्हासारखी तापत होती.

बाहेर येताच त्याने मुबारकचा दंड धरला. "कुणाला बोलायचं नाय."

"अरे, साखर आहे, चोरी नाही केलीस! मला दहा वर्षं झाली. मी तर सगळ्यांना सांगतो. लग्नात बिनसाखरेचा चहा वेगळा येतो, इज्जतीने येतो."

"साखरेचं नाय रे. साखरेचं सांगितलं, की वेणू बाईंना भेटायला जाईल. आन् बाई तिला दुसरं पण सांगतील."

"दुसरं काय?"

काशीरामने इकडेतिकडे पाहिलं आणि मिशीकडे बोट दाखवलं.

"या अल्ला," मुबारक म्हणाला, "म्हणजे मिशीची लाज राखायला अख्खी साखर लपवणार तू? घरी जा आणि एका वाक्यात बोलून टाक. एका वाक्यात!"

मंडळी, ते एक वाक्य त्या दिवशी बोललं गेलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण काशीराम घरी आला, वेणूने विचारलं, "काय म्हनाला डॉक्टर?" आणि त्याने चपला काढता काढता सांगून टाकलं, "फस्क्लास! म्हनाले, अशी तब्येत पनवेलमध्ये दुसरी नाय."

पुढचे सगळे हाल त्या 'फस्क्लास'चे.

बाईंचं खरं की खोटं ते बघायला काशीराम त्या रात्री बाबांच्या मोरीतच जाऊन आला होता. दुसऱ्याच सकाळी वेणू मागच्या दारातून ओरडत आली. "आवो! आल्या! आल्या हो!"

"कोण आल्या?"

"मामंजींच्या मुंग्या! मोरीत! अगदी तशाच रांगेत! तुमच्या पायगुणानं पुन्ना आल्या!"

पदराने डोळे पुसत ती स्वयंपाकघरात शिरली आणि साजूक तुपातला वाडगाभर शिरा घेऊन बाहेर आली. वर काजू. "खावा. मामंजींना पण मी असाच द्यायची. मुंग्या आल्या म्हंजे घरच्या धन्याचं तोंड गोड झालंच पायजे."

काशीरामने शिऱ्याकडे पाहिलं. शिऱ्याने काशीरामकडे पाहिलं. फस्क्लास तब्येतीचा माणूस शिरा नाकारणार कोणत्या तोंडाने? खाल्ला.

आणि इथून ते चक्र सुरू झालं! शिरा खाल्ला, की साखर वाढायची. साखर वाढली, की मुंग्या यायच्या. मुंग्या आल्या, की शिरा. गोळ्या बिचाऱ्या एकट्या लढत होत्या. समोर तूप, रवा, साखर आणि वेणूची भक्ती अशी चतुरंग सेना! भीमाबाई रोज सकाळी येऊन मोरीला हात जोडून जायची. वेणूने मोरीत पाणी ओतायला बंदी केली. काशीराम बंगल्यातल्या संडासाकडे वळला, की स्वयंपाकघरातून हाक यायची, "तिकडं नाय! मोरीला जावा! त्या वाट बघत असतील!"

त्यात दिवाळीला प्रणित पुण्याहून येणार होता. प्रणित इंजिनिअर. मुंग्या बघताच त्याला सगळं कळणार. तो बापाला धरून डॉक्टरकडे नेणार, आणि मग ती दुसरी गोष्ट...!

नाही. मुंग्या हटल्या पाहिजेत. त्याशिवाय शिरा हटणार नाही.

काशीरामने बेत आखला. घरी लघवीला जायचंच नाही. जायचं ते बाहेर. आता सारखं जावं लागणाऱ्या माणसाला आडोसाही जवळचा लागतो. गल्लीच्या टोकाला शकूचं घर होतं. शकू बाजारात सुकी मासळी विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटीच राहायची. तिच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून रिकामा प्लॉट होता. शकू दिवसभर बाजारात, प्लॉटमध्ये चिटपाखरू नाही. यापेक्षा सोयीचं काय असणार!

काशीराम हातात काठी घेऊन, 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणत निघू लागला. शकूच्या घराशी आला की इकडे पाहायचा, तिकडे पाहायचा आणि सटकन मागे शिरायचा. थोड्या वेळाने बाहेर यायचा तो चेहऱ्यावर मोठं समाधान घेऊन.

आता सांगा, साठीतला मिशीवाला बंगलेवाला एकट्या बाईच्या घरामागे चोरट्या नजरेने शिरतो आणि समाधानाने बाहेर येतो, हे गावाने पाहिलं तर गाव काय समजेल? मूत्रविकार समजेल?

आठवडाभरात चहाच्या टपरीवर काशीरामला बसायला खुर्ची मिळू लागली. आधी बाकडं मिळायचं. एक जण डोळे बारीक करून म्हणाला, "काका, दिवसातनं चार-चार येळा?"

काशीराम दचकला. "कोन म्हनतंय?"

"सगळा गाव म्हनतंय. आमाला या वयात जिना चढला तरी दम लागतो! काय खाता काय तुमी?"

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. आता सांगायलाच हवं, की बाबांनो, मी तिथे कशासाठी जातो. तोंड उघडलंही त्याने. पण समोर सगळी टपरी डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहत होती. डॉक्टरीणबाईंच्या समोरून उठल्यापासून असं त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं. मिशीला हळूच पीळ दिला. आणि म्हणाला, "सुके बोंबील."

त्या एका पिळाची आठवण झाली, की काशीराम अजूनही आरशासमोरून बाजूला होतो.

शकूला हे कळायला वेळ लागला नाही. ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी तिला दुसरंही कळलं. ती बाजारातून लवकर परत आली आणि काशीराम भिंतीशी सापडला. पाठमोरा.

"मेल्या!"

काशीरामची काठी एकीकडे आणि धोतर दुसरीकडे झालं.

"तरी मी म्हनतंय, माझ्या सुकटीत मुंग्या कशा शिरल्या! टोपली फेकून द्यायला लागली! बंगला हाय ना तुझा? वाघ-सिंव बसवलेस दारात, आन् मुतायला माझी भिंत?"

"शकू, हळू बोल गं..."

"का हळू? लोक काय बोलतान ते ऐकलंस? बाजारात गिऱ्हाईक माझ्याकडं बघून हसतंय! आज मी चावडीवर सांगतंय, तू हितं कशाला येतंस!"

"नको! पाया पडतो, नको! थोडे दिवस दम काढ."

शकू त्याच्याकडे बघत राहिली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तुला ते बोलनं आवडतंय. व्हय ना?"

काशीरामचा हात नकळत मिशीकडे गेला. शकू आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

इतकं झाल्यावर त्याने तिथे जाणं सोडलं आणि गावाबाहेरची लांबची वाट धरली. पण मुंग्यांना कोण सांगणार? त्या भिंतीवर चढत्या-उतरत्या होत्याच. नेमक्या त्या भीमाबाईला दिसल्या. भीमाबाईने डोळे चोळून पाहिलं, मग काशीरामच्या मोरीत जाऊन पाहिलं. मोरी कोरडी ठणठणीत. तिने गाव गोळा केलं. "महादेवबाबाच्या मुंग्या शकूच्या घरी गेल्या!" संध्याकाळपर्यंत भिंतीला हळदकुंकू लागलं. कोणी तरी नारळ फोडला. खोबऱ्याच्या वासाने आणखी मुंग्या आल्या. आता तर जागृत स्थानच झालं!

वेणूने गावातली कुजबुज आधीच ऐकली होती. तिने ती मनावर घेतली नव्हती. "लोकांच्या तोंडाला कुलूप हाय का?" असं म्हणून ती भाकऱ्या थापत राहिली होती. पण मुंग्यांचं ऐकलं आणि तिची तव्यावरची भाकरी करपली. माणसं खोटं बोलतात. मुंग्या कशाला खोटं बोलतील? घरधन्याचं मन जिथं, लक्ष्मी तिथं.

"वेणू, तसं काय नाय गं," काशीराम दारात उभा राहून म्हणाला.

"मंग कसं हाय?"

पुन्हा तेच एक वाक्य! ते त्याच्या जिभेपर्यंत आलं आणि परत फिरलं. वेणूने तवा उतरवला. मग पिशवीत दोन लुगडी भरली. जाता जाता ती मोरीपाशी थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने तिथे बादलीभर पाणी ओतलं.

ती आपट्याला, भावाकडे निघून गेली.

सिंहांच्या फाटकामागे काशीराम एकटा राहिला. आता शिरा नव्हता. आतला संडास मोकळा होता. मुंग्याही हटल्या होत्या. बेत तंतोतंत पार पडला होता! संध्याकाळी तो गॅससमोर उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की चहाची पूड कुठल्या डब्यात असते, हे त्याला ठाऊक नाही. सगळे डबे उघडून झाले. एका डब्यात रवा निघाला, काठोकाठ भरलेला. तिने महिन्याभराचा भरून ठेवला होता. काशीराम तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ खाली बसून राहिला.

टपरीवर मात्र त्याचा भाव आणखी चढला. "बायको पन सोडून गेली म्हंजे..." कोणीतरी कौतुकाने म्हणालं. काशीराम उठला. चहा अर्धाच ठेवून सरळ मुबारकच्या दुकानात गेला.

"गाडी काढ. आपट्याला जायचंय."

"एक वाक्य?" मुबारकने विचारलं.

"एक वाक्य."

पनवेल ते आपटा अंतर असं किती! पण काशीरामला वाटेत इतक्या वेळा उतरावं लागलं, की मुबारक शेवटी म्हणाला, "यार, एस.टी. पण एवढे थांबे घेत नाही."

वेणू भावाच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. पलीकडे पाताळगंगा वाहत होती. तिने मान वर केली नाही. तिचा भाऊ कृष्णकांत मात्र रीत विसरणारा नव्हता. भांडण असो, जावई तो जावई! त्याने आतून ताटली आणली. ताटलीत बुंदीचे लाडू.

"घ्या दाजी. तोंड गोड करा, मंग बोलू."

"नको."

कृष्णकांतचा चेहरा उतरला. जावयाने ताटली परत करायची, म्हणजे नातं मोडायची तयारी! "का? आमच्या घरचं गोड पन आता चालत नाय?"

"चालत नाय," काशीराम म्हणाला. "कुनाच्याच घरचं चालत नाय. मला साखर हाय."

सुपातले तांदूळ थांबले.

एकदा बांध फुटला म्हटल्यावर पाणी कोण अडवणार! मुंग्या कशाने आल्या, तो शकूच्या भिंतीशी कशाला जायचा, शकू कशी तापली, सुकट कशी वाया गेली, सगळं बाहेर आलं. वेणू ऐकत होती. तिच्या ओठांचा कोपरा हलला. "मुतायला? शकूच्या घरामागं तुमी मुतायला...?" आणि ती एकदम हसायला लागली. सूप कलंडलं, तांदूळ सांडले, तरी ती हसत होती.

"मंग त्या दिवशीच का नाय सांगितलं? साखर काय लपवायची गोष्ट हाय?"

काशीरामने खाली पाहिलं. "बाई अजून एक बोलल्या. ते... पुरुषाचं हार्मोन असतं ना. ते कमी हाय. माझं."

मुबारकला एकाएकी पाताळगंगेत फार पाहण्यासारखं काहीतरी दिसलं. कृष्णकांत लाडू आत ठेवायला गेला.

वेणूने पदराने डोळे पुसले. "एवढंच? ते मला म्हायती हाय. प्रणितच्या लग्नापासून."

"तू कधी बोलली नाय!"

"त्यात बोलन्यासारखं काय व्हतं? तुमी मिशीला तेल लावायचे, मी बघायची. मला वाटलं, तेवढ्यानं बरं वाटतंय तर लावू द्या."

काशीरामला हसावं की रडावं कळेना. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं रामायण केलं, त्या गोष्टीला घरात कवडीची किंमत नव्हती! त्याला एकदम हलकं वाटलं. आता ती उठेल, पिशवी घेईल, गाडीत बसेल.

पण वेणू उठली नाही. सांडलेले तांदूळ गोळा करता करता तिचा हात मध्येच थांबला.

"आवो," ती म्हणाली, "साखरेनं मुंग्या येतात?"

"व्हय."

"मंग मामंजींच्या?"

काशीरामने मुबारककडे पाहिलं. मुबारकने नदीकडे पाहिलं.

"मी त्यांना रोज शिरा द्यायची," वेणू म्हणाली. "ते नको म्हनायचे. पायाची जखम भरंना, म्हनून मी अजून तूप-साखर घालायची. म्हनायची, खावा, अंगात ताकद येईल. भरवलाय मी त्यांना, हातानं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काशीराम दुसऱ्या कुणासाठी खोटं बोलला. "बाबांच्या मुंग्या येगळ्या व्हत्या."

"येगळ्या म्हंजे?"

"काळ्या व्हत्या. माझ्या लाल हायत. लाल मुंग्या साखरेच्या. काळ्या... लक्ष्मीच्या. डॉक्टरीणबाईच म्हनाल्या."

वेणूने त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईला नवऱ्याचं खोटं ओळखायला डॉक्टर लागत नाही. तिने सगळे तांदूळ गोळा केले, सूप भिंतीला लावून ठेवलं आणि पिशवी घेऊन गाडीत बसली. वाटेत काशीराम पुन्हा पुन्हा उतरत होता, आणि दर वेळी परत आला की ती खिडकीबाहेर पाहत असलेली दिसायची.

त्यानंतर तिने त्याच्या जेवणाची सूत्रं हातात घेतली. कारलं, मेथी, नाचणीची भाकरी. संध्याकाळी दोघं पळस्प्याच्या रस्त्याने चालून येऊ लागली. काशीरामने प्रणितला फोन करून बजावलं, "तपासून घे. आजोबाकडनं आलंय."

"आजोबांना तर काटा लागला होता ना?"

"आईसमोर काटाच लागलाय. समजलं?"

पलीकडे प्रणितने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "समजलं."

टपरीवर जाऊन काशीरामने भिंतीचं खरं कारणही सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि एकमेकांना डोळे मारले. "काकू परत आल्या ना! मंग असंच बोलावं लागनार, काका!" खोटं त्याने नुसत्या मिशीने सांगितलं होतं, ते गावाने डोक्यावर घेतलं, खरं तोंडाने सांगत होता, ते कोणी घेईना. शकूने भिंत धुऊन तिथे देवांच्या तसबिरींच्या फरशा बसवल्या. बायका तिथे आणखीच मनोभावे हात जोडू लागल्या. काशीराम माफी मागायला गेला, तेव्हा तिने ऐकलं, मान हलवली आणि टोपलीवर फडकं टाकलं. आजतागायत तिने त्याला सुकट विकलेली नाही. मुबारककडून मागवावी लागते.

पुढच्या वर्षी बाबांची तिथी आली. काशीरामचं पोट बरंच उतरलं होतं, साखर ताब्यात होती, आणि डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे ती दुसरी गोष्टही थोडी वर सरकली होती. पण हे सांगायला आता त्याला टपरी आठवली नाही.

वेणूने शिरा केला, वाडगा भरला, आणि फोटोसमोर तो हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. फोटोतले बाबा समोर बघत होते. मग ती वाडगा घेऊन आत गेली आणि बाहेर आली ती नाचणीची भाकरी आणि कारल्याची भाजी घेऊन. ते ताट तिने फोटोपुढे ठेवलं, नमस्कार केला, आणि कपाळ जमिनीला टेकलं ते बराच वेळ उचललं नाही.

काशीराम म्हणाला, "काळ्या व्हत्या गं."

"व्हय," ती खालूनच म्हणाली. "तुमी सांगितलंय मला."

एवढ्यात भीमाबाई मागच्या दाराने आली. वाकून मोरीत पाहिलं. मोरी स्वच्छ, कोरडी. एक मुंगी औषधाला नाही.

"काशा, पार गेल्या का रं मुंग्या?"

"गेल्या, काकू."

"अरेरे! काय चुकलं रं तुमचं?"

काशीरामने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा वेणूच्या पाठीकडे. "काय नाय. गेल्या ते बरं झालं. जरा आधी जायला पायजे व्हत्या."

भीमाबाईला यातलं काही समजलं नाही. चुकचुकत ती गल्लीला लागली, आणि दिवे लागायच्या आत बातमी गावभर झाली: काशीरामचे वाईट दिवस आले. पोट गेलं, मुंग्या गेल्या, आणि त्या शकूनेसुद्धा सोडला!